शून्य दिरहम

नाडगौडा मॅडमच्या घराची बेल बिघडलेली होती आणि त्यांनी ती कधी दुरुस्त करून घेतली नाही. दुबईत अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडे राहत. दारावर टकटक केली की आतून आवाज यायचा, "थँक्यू, थँक्यू! पण मी अजून काही बोललेच नाही." मग दार उघडायचं. ग्रोसरीतून सामान घेऊन येणारा माणूस हे वाक्य ऐकून दर वेळी दारावरचा नंबर पुन्हा तपासायचा.

वाक्याचा अर्थ साधा होता. जर्मनीतल्या विद्यापीठांत व्याख्यान संपल्यावर विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत. मूठ वळून बोटांच्या सांध्यांनी बाकावर टकटक करतात. तीच तिथली दाद. मॅडमनी अशाच एका जुन्या सरकारी विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली होती. विद्यापीठाचं नाव मी इथे देत नाही, कारण त्याही देत नसत. 'आमचं' एवढंच म्हणत. "नाव सांगितलं की लोक फोनवर रँकिंग बघतात आणि ऐकायचं थांबतात," असं त्यांचं म्हणणं होतं.

बुटकी मूर्ती, सुती सलवार-कमीज, भर उन्हाळ्यातही पायात बंद बूट. प्रयोगशाळेत उघडे पाय चालत नाहीत, ती सवय त्यांनी घरापर्यंत आणली होती. चहाचा कप समोर आला की त्याला नाक लावून वास घ्यायच्या नाहीत. कपावरून हात हलवून वाफ स्वतःकडे ओढायच्या आणि मग पहिला घोट घ्यायच्या. इंडस्ट्रियल एरियातल्या एका लॅबमध्ये त्या रंगांची तपासणी करत. रंग दिलेल्या लोखंडी पट्ट्या खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवायच्या आणि गंज कुठून सुरू होतो ते बघायचं, हे त्यांचं काम. रस्त्याने चालताना दुसऱ्याच्या गाडीच्या दाराकडे बोट दाखवून त्या म्हणत, "इथून लागणार." गाडी नवी कोरी असायची. वर्षा-दोन वर्षांत नेमका तिथे तपकिरी ठिपका दिसायचा.

"गंज सगळीकडून येत नाही," त्या सांगत. "एका बिंदूतून आत शिरतो. तो बिंदू सापडला पाहिजे. आणि गंजाला घाई नसते."

हे वाक्य त्या लोखंडाविषयी बोलत आहेत असं मला सुरुवातीला वाटत असे.

मिलिंद टिपणीस हे आमच्या भागातले शिक्षण सल्लागार. त्यांचं ऑफिस तळमजल्यावर, एका फार्मसीच्या शेजारी होतं. पुढची बाजू पूर्ण काचेची आणि वर निळी, रात्री उजळणारी पाटी. परदेशी खासगी कॉलेजांत मुलांना प्रवेश मिळवून देणं हा त्यांचा व्यवसाय. माणूस बोलायला गोड, अडीअडचणीला धावणारा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मोदक त्यांच्याकडून असत. त्यांच्याविषयी वाईट बोलणारं कोणी मला तोपर्यंत भेटलेलं नव्हतं. हे नोंदवणं आवश्यक आहे.

मंडळाने एका शाळेच्या हॉलमध्ये 'बारावीनंतर काय?' असा कार्यक्रम ठेवला होता. टिपणीस स्टेजवर होते. पडद्यावर हिरवळीत बसून हसणाऱ्या मुलांची चित्रं येत होती. प्रश्नांची वेळ आली तेव्हा नाडगौडा मॅडम उभ्या राहिल्या.

"मिस्टर टिपणीस, जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांचा तुमच्या स्लाइड्समध्ये कुठेच उल्लेख नाही."

"मॅडम, तिथे फी किती असते?"

"बहुतेक ठिकाणी फीच नसते."

"तरी दिरहममध्ये सांगा ना."

"शून्य दिरहम."

टिपणीसांनी प्रेक्षकांकडे वळून, कपाळावर आठ्या आणून हिशेब केल्याचा अभिनय केला. "म्हणजे रुपयात किती हो?"

हॉल हसला. टिपणीसांनी हशा ओसरू दिला आणि मग म्हणाले, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. पण दुबईत फुकट काय मिळतं? मॉलमधलं पार्किंग. तेही पहिले काही तास."

दुसऱ्यांदा हशा मोठा झाला. त्यात मॅडमचे यजमान श्रीनिवासरावही होते. मॅडमनी स्टेजकडे बघितलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत खाली बसल्या.

या हशाचं कारण समजून घ्यायला हवं. आमच्या लोकांना इथे शाळा फीवरून ओळखायची सवय लागलेली असते. मूल कोणत्या शाळेत आहे हे सांगितलं की ऐकणारा मनात फी आठवतो आणि तिच्यावरून दर्जा ठरवतो. जिथे फी नाही तिथे मोजायला काहीच उरत नाही. त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्या सुशिक्षित, पगारदार, मुंबई-पुण्याच्या माणसांना शतकानुशतकं चालत आलेलं एक विद्यापीठ केवळ त्या कारणासाठी विनोदी वाटलं.

नाडगौडांचा मुलगा निनाद तेव्हा बारावीत होता. गणितात पहिला यायचा. मॅडम त्याला घरी जर्मन शिकवत होत्या, तो 'आमच्या' विद्यापीठात जाणार हे त्यांच्यापुरतं ठरलेलं होतं. त्या कार्यक्रमानंतर काही आठवड्यांनी श्रीनिवासरावांनी टिपणीसांमार्फत युरोपातल्या एका बेटावरच्या खासगी कॉलेजात त्याची जागा नक्की केली. मॅडमना सांगितलं ते फी भरून झाल्यावर.

"तू आठवणींत रमतेस," श्रीनिवासराव म्हणाले. "मला त्याचं फ्युचर बघायचंय."

निनाद तिसऱ्या वर्षात असताना ते कॉलेज बंद पडलं. एका सकाळी मुलं गेली तेव्हा फाटकाला कुलूप होतं. त्याच्या मार्कांना दुसरं कोणतंही कॉलेज मान्यता देईना. पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करायला तो तयार नव्हता. परत आल्यावर आई त्याला घेऊन टिपणीसांच्या ऑफिसात गेली. तिथला संवाद निनादने मला सांगितला. पुढे मॅडमनीही तोच सांगितला, शब्दाला शब्द.

टिपणीसांनी खजूर आणि काहवा, म्हणजे अरबी कॉफी, मागवला. "मॅडम, आय फील फॉर यू. खरंच. पण आमचा रोल अ‍ॅडमिशनपर्यंत. कॉलेज बंद पडणं आमच्या स्कोपमध्ये येत नाही. दुसरीकडे ट्रान्सफरचं बघू, इन्शाल्ला."

"तुमच्या मुलीला पाठवलं असतंत त्या कॉलेजात?"

"सई? ती अजून लहान आहे हो, मॅडम."

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "मी थांबेन."

काहवा तसाच ठेवून त्या उठल्या. बाहेर आल्यावर वर पाटीकडे बघून त्यांनी निनादला सांगितलं की ही उतरलेली बघितल्याशिवाय त्या हा देश सोडणार नाहीत. त्यांचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता आणि नवऱ्याच्या निवृत्तीला फार वर्षं उरलेली नव्हती. म्हणजे मुदत ठरलेली होती.

पहिल्यांदा त्या माझ्याकडे आल्या. मी इथल्या एका इंग्रजी वृत्तपत्रात काम करतो. सगळं ऐकून मी त्यांना वस्तुस्थिती सांगितली. टिपणीसांनी कायदा मोडलेला नव्हता. पुराव्याशिवाय नाव छापणं शक्य नव्हतं. आणि या देशात व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाचं नाव घेऊन आरोप केला तरी कोर्टात उभं राहावं लागू शकतं, तेव्हा त्यांनीही तसं काही लिहू नये.

मॅडमनी कपावरून हात फिरवून चहाची वाफ ओढली. "म्हणजे बातमी नाही."

"नाही."

"बरं झालं. बातमी दोन दिवस टिकते."

पुढच्याच महिन्यात त्यांनी जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक काढून टाकलं. उघड्या लाकडावर आवाज चांगला येतो. शनिवारी सकाळी त्या टेबलाभोवती जर्मनचा वर्ग सुरू झाला. कोणाकडून काहीही न घेता.

प्रवेशाचा नियम एकच होता. आलेल्या मुलाला त्या पहिला प्रश्न विचारत, "टिपणीसकडे जाऊन आलास का?"

"हो आंटी. पप्पांनी टोकनचे पैसेपण दिलेत."

"मग पहिली खुर्ची तुझी."

जे तिथे गेलेले नसत त्यांना थांबावं लागे. माझी मुलगी मुक्ता गेलेली नव्हती. तिची खुर्ची रिकामी व्हायला अर्धं वर्ष लागलं. एका बापाने लवकर नंबर लागावा म्हणून मुलाला मुद्दाम टिपणीसांच्या ऑफिसात बसवून आणलं. मॅडमनी ते ओळखलं आणि त्याला रांगेत शेवटी टाकलं. "मला त्याच्या तोंडचा घास काढायचाय," त्या मला म्हणाल्या. "ताटात नसलेला घास घेऊन मी काय करू?"

आईवडील चौकशीला येत तेव्हा मॅडमच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे तो शिकवतानाही दिसत नसे.

"मॅडम, फी किती पडेल तिकडची?"

"शून्य दिरहम."

समोरच्याचा हात सवयीने फोनकडे जायचा. मॅडम तो कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत वाट बघत. मग म्हणत, "रुपयातही शून्य."

त्यानंतर त्या कठोर होत. राहण्याखाण्याचा खर्च तुमचा, त्याचे पैसे आधी खात्यात दाखवावे लागतात. आपल्या बारावीनंतर बहुतेकांना आधी तिथे एक वर्ष पायाभरणीचा अभ्यास करावा लागतो. भाषा आली नाही तर दारात कोणी उभं करणार नाही, आणि नापास झाल्यावर कोणाची ओळख चालणार नाही. खोटं एकही वाक्य त्या बोलत नसत. "तो खोटं बोलतो, मी खरं बोलते. माझ्याकडे हे एकच जास्तीचं हत्यार आहे," असं त्या म्हणत. टिपणीस खोटं बोलत असत असा माझ्याकडे पुरावा नाही. ते अर्धं बोलत, एवढं मी लिहू शकतो.

वर्गाच्या शेवटी व्याकरणाची पुस्तकं मिटली की मॅडम विद्यापीठाबद्दल सांगत. मुक्ता घरी येऊन ते आम्हाला सांगायची, इंग्रजीत. धर्मावरून भांडणाऱ्या एका राजाने ते काढलं. त्याला आपल्या बाजूचे पाद्री आणि कारकून हवे होते, ज्ञानाची फारशी हौस नव्हती. चार विद्याशाखा होत्या. वरच्या तीन म्हणजे धर्म, कायदा आणि वैद्यक. तत्त्वज्ञानाची चौथी सगळ्यांत खालची. वर जायच्या आधी पोरांनी तिथे थोडे दिवस काढायचे, तिथल्या प्राध्यापकांना मानही कमी. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, पूर्वेकडच्या भाषा, ज्यासाठी पुढे जगभरातून माणसं त्या गावात आली ते सगळं त्या खालच्या शाखेतून निघालं. हे सांगताना मॅडम टेबलाच्या कडेला बोटाने ठोका देत.

तुरुंगाची गोष्ट मुलांना आवडायची. विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंग होता. दारू पिऊन आरडाओरडा करणाऱ्या विद्यार्थ्यांना तिथे कोंडत. त्यांनी मेणबत्तीच्या काजळीने भिंतींवर स्वतःची चित्रं काढली आणि खाली नावं घातली. ती भिंत आजही जपून ठेवली आहे. वैद्यकाच्या मुलांसाठी लावलेली औषधी झाडांची बाग आहे. आणि रसायनाची प्रयोगशाळा, जिथे प्राध्यापकाने करायचं आणि मुलांनी लांबून बघायचं ही रीत मोडून मुलांच्याच हातात परीक्षानळी दिली गेली. मॅडमचे मार्गदर्शक तिथेच भेटले. तिकडे मार्गदर्शकाला 'डॉक्टर-बाप' म्हणतात. हे मॅडमचे डॉक्टर-बाप त्यांच्या प्रबंधाचा पहिला मसुदा वाचून फक्त एवढंच म्हणाले होते, "हे सगळं बरोबर आहे. आता कारण शोध."

एक भाग मात्र पालकांना आवडत नसे. नाझी सत्तेत आले तेव्हा त्या विद्यापीठाने आपले ज्यू प्राध्यापक काढून टाकले. ज्या गणिताच्या विभागाचं नाव होतं तो जवळजवळ रिकामा झाला. "त्यांना काढल्याच्या कागदांवर सह्या बाहेरच्या कोणाच्या नव्हत्या," मॅडम सांगत. "विद्यापीठाच्याच होत्या. गेले ते परत आले नाहीत. जे घडवायला शंभर वर्षं लागली ते एका उन्हाळ्यात गेलं. आता भिंतीवर त्यांच्या नावांची पाटी आहे. मी रोज तिच्यावरून जायचे."

एका आईने सुचवलं, "मॅडम, हे नका ना सांगू मुलांना. थोडं निगेटिव्ह वाटतं."

"निगेटिव्ह नसतं ते ब्रोशर असतं. ते टिपणीसकडे मिळेल. ग्लॉसी."

निनादला तोपर्यंत खोर फक्कानच्या बंदरात नोकरी लागली होती. कंटेनरच्या हालचालीचं नियोजन करायचा. शनिवारी सकाळी तो डोंगरातून गाडी चालवत यायचा आणि वर्ग चालू असताना आतल्या खोलीत झोपायचा. एकदा बाहेर येऊन तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, खलास ना आता. किती वर्षं?"

"तुला अजून वेळ आहे. फॉर्म मी भरते."

"मला बोटी आवडतात गं. माझं बरं चाललंय."

"तुझं बरं चाललंय, हा टिपणीसचा बचाव होऊ शकत नाही."

निनाद पाणी पिऊन परत आत गेला.

श्रीनिवासरावांना शिक्षा वेगळी होती. ते कामासाठी रोज अबुधाबीला गाडीने जात. पहाटे निघण्याआधी मॅडम त्यांना चहा देत, तो विद्यापीठाची मुद्रा छापलेल्या एका जाड पांढऱ्या कपात. निनाद परत आला त्या दिवसापासून दुसऱ्या कपात त्यांना चहा मिळाला नाही. त्यांनीही कधी कप बदलून मागितला नाही.

एका शनिवारी वर्ग भरलेला असताना दारावर टकटक झाली. मॅडमनी नेहमीचं वाक्य म्हटलं आणि दार उघडलं. बाहेर सई टिपणीस होती. बारावीत गेलेली, पाठीवर सॅक.

"आंटी, आय नो यू हेट माय डॅड."

"मराठीत सांग."

सईने शब्द जुळवले. "मला फिजिक्स करायचंय. पप्पा बोलतात बिझनेस कर, त्यांच्या कॉलेजमध्ये सीट आहे. मला... मला ती कॉलेजं नको. मी ऐकलंय ना, फोनवर. ते काय बोलतात ते."

मुक्ताने सांगितलं की मॅडम बराच वेळ दाराची कडी धरून उभ्या होत्या.

"त्यांना माहीत आहे तू इथे आलीस ते?"

"नो."

"मग आधी त्यांना सांग. त्यांना म्हणावं, इथे यायचं, या टेबलाशी बसायचं आणि एक तास ऐकायचं. ते आले तर तुझी खुर्ची नक्की."

त्या आठवड्यात मी त्यांना लिफ्टपाशी गाठलं. "मुलीचा दोष नाही, हे तुम्ही मान्य केलंत, चांगलं झालं," मी म्हणालो.

"दोष नाहीच. पण मी तिला त्यासाठी घेत नाहीये." लिफ्ट आली, त्यांनी दार हाताने अडवलं. "सल्लागाराची स्वतःची मुलगी कुठे गेली, हे लोक विचारतातच. दया वगैरे समजू नका. मला बिंदू सापडलाय."

टिपणीस आले. हातात बकलाव्याचा मोठा डबा होता. मॅडमनी तो घेऊन फ्रिजवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. टेबलाभोवती आठ-दहा मुलं, सई, श्रीनिवासराव आणि मी. मला निरोप होता, "तुम्ही बातमीदार आहात. या." टिपणीसांना त्यांनी मुलांच्या मध्ये, पाठ नसलेल्या स्टुलावर बसवलं.

त्या तासभर बोलल्या. राजा, चार शाखा, तुरुंग, बाग, प्रयोगशाळा, काढलेले प्राध्यापक. आवाज एकदाही चढला नाही. पदार्थविज्ञानाच्या विभागात पहिल्या वर्षाच्या मुलाला प्राध्यापकाची चूक भर वर्गात दाखवता येते आणि प्राध्यापक फळा पुसून पुन्हा लिहितो, हे सांगताना त्यांनी सईकडे बघितलं. कॉलेजला कुलूप लागणं म्हणजे काय हे सांगताना टिपणीसांकडे. लढाया झाल्या, सरकारं बदलली, चलन बदललं, लाज वाटावी असं त्या विद्यापीठाने स्वतः केलं, ते मान्य करून भिंतीवर लिहिलं. पण मुलं सकाळी आली आणि फाटकाला कुलूप होतं, असं आपल्या काळात तिथे घडलं नाही. निनाद आतल्या खोलीत होता. दार उघडं होतं.

"एवढंच," मॅडम म्हणाल्या.

टिपणीसांनी टाळ्या वाजवल्या. जोरात, मनापासून. खोलीत तो एकच माणूस टाळ्या वाजवत होता. बाकी सगळ्यांच्या मुठी टेबलावर पडत होत्या. लाकडाचा तो भरीव, एकसारखा आवाज आणि त्यात दोन तळव्यांची चटचट. दोन-तीन क्षण त्यांना कळलं नाही की काय चुकतंय. सईने त्यांचं मनगट धरलं. "पप्पा, नॉक. इथे क्लॅप नाही करत. दॅट्स हाऊ दे से थँक यू."

टिपणीसांनी मूठ वळून टेबलावर टकटक केली. श्रीनिवासरावही करत होते. त्या टेबलावर त्यांचा हात पडलेला मी पहिल्यांदा बघितला. मॅडम टिपणीसांच्या हाताकडे बघत राहिल्या. आवाज थांबला.

"तुम्ही नेहमीचा प्रश्न विचारला नाहीत," त्या म्हणाल्या.

"कुठला, मॅडम?"

"फीचा. विचारा."

टिपणीसांनी मुलीकडे बघितलं, मग टेबलाकडे. "किती असते, मॅडम?"

"शून्य दिरहम."

मॅडम थांबल्या. त्या कशासाठी थांबल्या आहेत हे त्या कार्यक्रमाला हॉलमध्ये असलेल्या आम्हा सगळ्यांना समजलं. मुलांना समजलं नाही.

"आणि... रुपयात?" टिपणीस म्हणाले.

"रुपयातही शून्य. मॉलमधल्या पार्किंगसारखं."

कोणी हसलं नाही. श्रीनिवासराव उठून स्वयंपाकघरात गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना चहा त्याच कपात मिळाला.

सई शिकत राहिली. मॅडमनी तिला इतरांपेक्षा जास्त वेळ दिला, जास्त रागावल्या, आणि तिचे उच्चार बाकी कोणाहीपेक्षा स्वच्छ झाले. ती जर्मनीला गेली, 'आमच्या'च गावात. मंडळाच्या दिवाळीत एका बाईने टिपणीसांना सहज विचारलं, "सईला कुठल्या कॉलेजात टाकलंत?" टिपणीसांनी खरं उत्तर दिलं. त्या बाईच्या शेजारी दोन पालक होते ज्यांनी टिपणीसांकडे टोकन दिलेलं होतं.

पुढे टिपणीसांच्या ऑफिसात कामाला असलेल्या चार मुलींच्या दोन झाल्या, मग एक. संध्याकाळी पाटी उजळेनाशी झाली. जेवणाच्या एका टेबलाने एक ऑफिस बंद पाडलं, असं मी लिहिणार नाही. भाडं वाढलं होतं, मुलं स्वतःच ऑनलाइन अर्ज करू लागली होती, आणखी काही कॉलेजांबद्दल तक्रारी आल्या होत्या. मी ही कारणं मॅडमना सांगितली.

"असतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही ती छापा. मला माझं एक पुरे."

श्रीनिवासराव निवृत्त झाले. पुण्याची तिकिटं निघाली, तेव्हा पाटी जागेवर होती. घरात सामान बांधायची घाई सुरू झाली आणि मॅडमनी मात्र आपल्या कपाटाला हात लावला नाही. शनिवारी नेहमीसारखा वर्ग घेतला. निनाद वैतागला. "आई, व्हिसा संपतोय! तू काय त्या बोर्डाखाली राहणार आहेस का?" श्रीनिवासराव स्वतः एकदा टिपणीसांच्या ऑफिसापर्यंत जाऊन आल्याचं मला कळलं. आत गेले की नाही, ते माहीत नाही. तिथे काय बोलणं झालं, झालं असेल तर, तेही माहीत नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी येत होतो. फार्मसीच्या शेजारी शिडी लावलेली होती. दोन माणसं निळी पाटी खाली घेत होती. मी वर जाऊन मॅडमच्या दारावर टकटक केली.

"थँक्यू, पण मी अजून..."

"पाटी उतरली," मी म्हणालो.

दार उघडलं. त्यांनी मला आत घेतलं नाही. थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग आत वळून म्हणाल्या, "निनाद, माझी बॅग काढ रे वरची."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सोडायला एअरपोर्टला निघालो. निनाद गाडी चालवत होता, शेजारी श्रीनिवासराव, मागे मॅडम आणि मी, मांडीवर सामान. बिल्डिंगमधून बाहेर पडताना मॅडमनी गाडी फार्मसीपाशी थांबवायला सांगितली.

"आई, यल्ला, उशीर होतोय."

"थांबव."

त्या उतरल्या. पाटीच्या जागी भिंतीचा फिका, लांबट चौकोन राहिला होता आणि स्क्रूची भोकं. त्यांतल्या एकाखालून गंजाचा बारीक ओघळ आला होता. मॅडमनी तो निरखून बघितला. काचेच्या आत टिपणीस एकटेच होते. बाह्या वर केलेल्या, समोर उघडी खोकी, हातात ब्रोशरांचा गठ्ठा. त्यांनी मान वर केली आणि मॅडमना बघितलं.

मॅडमनी मूठ वळली आणि काचेवर टकटक केली. शिष्टाचारात बसते त्यापेक्षा बराच जास्त वेळ. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही वाटलं असतं की बाईंचं आत काही काम आहे आणि आतला माणूस दार उघडत नाही.

टिपणीस दाराकडे आले नाहीत. त्यांना अर्थ माहीत होता. गठ्ठा छातीशी धरून ते आवाज थांबेपर्यंत तसेच उभे राहिले.